पलीकडच्या पाण्याचे नाव

पावलुस आला तेव्हा आवाताक कुत्र्यांसाठी वालरसचे मांस तोडत होता. बातमी ऐकता ऐकता त्याची कुऱ्हाड बरगडीवरून निसटली आणि खालच्या दगडावर आपटली. बांधलेली कुत्री उठून उभी राहिली.

“पुन्हा सांग,” आवाताक म्हणाला.

“अहो, चांगली बातमी आहे.” पावलुस वस्तीची शाळा आणि प्रार्थनाघर सांभाळायचा. तो दक्षिणेकडचा, लग्न करून इथे राहिलेला. बारा वर्षे झाली तरी उघड्यावर उभा राहिला की तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायचा. “थोरुपसाहेबांचं जहाज आलंय ना, ते पलीकडच्या पाण्यापर्यंत जाऊन आलं. डोंगरावरून उतरलेल्या बर्फाच्या जिभेमागचा समुद्र. नकाशात त्याला नावच नव्हतं. आता साहेब त्याला तुमच्या बायकोचं नाव देतायत. उद्या प्रार्थना झाली की झेंडा लावणार, सगळ्यांना जमवणार आणि नाव वाचून दाखवणार. कॉफी आहे. पोरांना बिस्किटं.”

“वाचून दाखवणार.”

“हो.”

“मोठ्यानं.”

पावलुसचे पाय नाचायचे थांबले. त्याला कळत नव्हते असे नाही. “मी स्वतः नाव घेतलेलं नाही, ऐकलेलंही नाही,” तो म्हणाला. “जहाजावरच्यांनी एवढंच सांगितलं, तुमच्या बायकोचं म्हणून. आणि ते नाव न घेण्याचं जुनं झालं हो आता. देवाच्या घरी गेलेल्या माणसाला हाकेनं काय होतंय?”

“तुझ्या देवाला सांग, माझ्या बायकोत पडू नको म्हणावं.”

आवाताकने तोडलेले तुकडे कुत्र्यांकडे फेकले. रोज तो एकेकाला नावाने हाक मारून फेकायचा. आज त्याने सगळे एकदम फेकले, आणि कुत्री एकमेकांवर तुटून पडली.

बायको एप्रिलमध्ये गेली होती. हिवाळाभर खोकत होती, आणि सूर्य परत येऊन दोन महिने झाले तेव्हा गेली. त्या दिवसापासून वस्तीत तिचे नाव कोणी घेतले नव्हते. माणूस गेले की त्याचे नाव मोकळे होते. ते बाहेर थंडीत उभे राहते आणि पुढच्या बाळाची वाट बघते. बाळाला ते मिळाले की माणूस परत येते, मग हवी तितकी हाक मारा. त्याआधी कोणी मोठ्याने हाक मारली तर नाव त्या हाकेच्या मागे जाते, आणि जिथे त्याला अंग नाही तिथेच राहते. हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. पातळ बर्फावर उडी मारू नये हे जसे शिकवावे लागत नाही, तसे.

समुद्राला अंग नसते. असते ते पाणी.

आर्नालुकच्या घरात तो बुटांसकट शिरला. आर्नालुक त्याच्या बायकोच्या बहिणीची मुलगी. ती बाकावर पाय पसरून बसली होती आणि पोटावरच कातडे ठेवून शिवत होती. पोट आता एवढे वर आले होते की ते चांगले टेबल झाले होते.

“काका, बूट.”

“राहू दे.”

“तळ उसवलाय. द्या इकडे.”

“राहू दे म्हटलं ना.”

एप्रिलपासून त्याचे बूट असेच होते. सीलच्या कातड्याचा तळ रात्री वाळून लाकडासारखा होतो, आणि सकाळी घरातली बाई तो कडेकडेने चावून मऊ करते. तीस-चाळीस वर्षे त्याने सकाळी मऊ बुटात पाय घातला होता आणि त्यात काही विशेष आहे असे त्याला कधी वाटले नव्हते. आता तो स्वतः चावायचा. त्याला पाच दात होते, त्यातले दोन समोरासमोर येत नव्हते.

त्याने बातमी सांगितली. आर्नालुकची सुई थांबली.

“उद्या?”

“उद्या.”

“आणि हे बाळ उद्या येईल की चार दिवसांनी, आईलासुद्धा सांगता येत नाही.” तिने पोटावरचे कातडे बाजूला ठेवले. “मी सगळ्यांसमोर म्हटलंय काका, मावशीचं नाव माझ्या बाळाला. ते आधीच पाण्यावर निघून गेलं तर मी याला काय देऊ? नुसता आवाज?”

“तुला कोण काही म्हणतंय का?”

“तुम्ही रागावा हवं तर, पण मी बोलणार. मावशीनं एकदा आईकडे दुसरं नाव मागितलं होतं. मी पोटात होते तेव्हा.”

आवाताकने दाराकडे तोंड फिरवले. “कोणी सांगितलं तुला?”

“आईनंच. मावशी गेली त्या दिवशी. म्हणाली, माझी सख्खी बहीण दारात उभी होती आणि मी नाही म्हटलं. भुकेनं गेलेल्या पोरीचं नाव, ते घेऊन माझ्या पोटात भूक कशी आणू, म्हटलं. फार रडली त्या दिवशी.” आर्नालुकने सुई परत उचलली, पण शिवले नाही. “मी मावशीचं नाव बाळासाठी मागितलं ते त्याचमुळे. एक तर गेलंच. दुसरं तरी नीट होऊ द्या.”

आवाताक दाराकडे गेला. बाहेर पडताना त्याने दार इतक्या जोरात ओढले की आतल्या खुंटीवरची भांडी वाजली.

तीस वर्षांपूर्वी तोच त्यांना उत्तरेला घेऊन गेला होता. अस्वलांच्या मागे. बायको, चार वर्षांची पोर आणि अकरा कुत्री. “अजून एक दिवस जाऊ,” असे तो तीनदा म्हणाला होता. बर्फाची जीभ ओलांडून ते पलीकडे उतरले आणि त्यांना काळे, उघडे पाणी दिसले. सगळा समुद्र गोठलेला असतो त्या दिवसांत ते पाणी वाफाळत होते. त्याच्या आधी तिथे कोणी गेले होते की नाही, त्याला माहीत नव्हते. विचारायची गरजही पडली नव्हती. पोर ते बघून हसली होती. म्हणाली होती, समुद्राला ताप आलाय.

मग वादळ आले. ते अकरा दिवस थांबले नाही. त्यांनी कुत्री खाल्ली, एकेक. पोर नवव्या दिवशी गेली. काठावर त्यांनी तिच्यावर दगड रचले आणि दोन कुत्र्यांवर घरी आले.

पुढच्या हिवाळ्यात बायकोने ते नाव बहिणीकडे मागितले, मग आणखी एका बाईकडे. दोघी नाही म्हणाल्या. तिसऱ्या घरी ती निघाली तेव्हा त्याने तिला दारातच अडवले होते. दारोदार मागत फिरतेस, लाज नाही वाटत, म्हणाला होता. हे नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.

तिने पुन्हा काढले नव्हते. मूलही त्यांना परत झाले नाही.

खाडीतले बर्फ पांगलेले होते. आवाताकने कयाक पाण्यात लोटली आणि तो जहाजाकडे निघाला. उसवलेल्या तळातून पाणी आत आले होते आणि डावा पाय बधिर झाला होता. त्याला ते बरे वाटले. जहाजाच्या कठड्यावरून एका खलाशाने हसत हात केला. त्याने हात केला नाही.

थोरुपला वस्तीत सगळे अर्धपाया म्हणायचे. तरुणपणी तो एकटाच या किनाऱ्यावर आला होता आणि डाव्या पायाची पुढची अर्धी बाजू थंडीने गमावून बसला होता. त्या हिवाळ्यात तो आवाताकच्या घरी राहिला. बायकोने त्याचा पाय धुतला, त्याला बूट शिवून दिले, दिव्यापाशी बसवून बोलायला शिकवले. त्यामुळे तो इथली भाषा बोलायचा ती बायकी, तिच्यासारखी.

आता त्याचे केस पांढरे झाले होते. आवाताकला केबिनच्या दारात बघून तो उठला.

“बस की जरा,” तो म्हणाला. “बूट ओले दिसतायत.”

हे वाक्य तिचे होते. तिचेच, तशाच उतरत्या सुरात. आवाताक दारातच उभा राहिला, आणि त्याला वाटले की आपण या माणसाला मारू.

“तू नाव लिहिलंस.”

“लिहिलं.” थोरुपने टेबलाकडे हात केला. टेबलभर नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार कॉफीचे पेले. “निघण्याआधी वर्षभर भांडलो मी त्यासाठी, दादा. आम्ही हा समुद्र शोधला तेव्हा—”

“शोधलास? मी त्याच्या काठावर माझी कुत्री खाल्ली आहेत.”

“तेच म्हणतोय मी. तिनं मला सांगितलं, तिकडे न गोठणारं पाणी आहे. जमिनीवर रेघा काढून दाखवला किनारा. कोणाचा विश्वास बसला नाही. तीस वर्षं लागली मला तिथे पोचायला. मग नाव कोणाचं लावायचं?”

“कोणाचंच नाही. खरवड ते.”

“काय?”

“पावलुस वहीतली चूक ब्लेडनं खरवडतो. तुझ्याकडेही ब्लेड असेल. खरवड.”

थोरुप खाली बसला. दुखऱ्या पायाची माणसे बसतात तसा, एका बाजूने. “ऐक. हा सगळा किनारा बघ. हा राजा. हे राजाचे दोन मुलगे. हा डोंगर डब्यातलं दूध विकणाऱ्याचा आहे. मोकळं ठेवलं तर ते या समुद्राला सिमेंटवाल्याचं नाव लावतील. जहाज त्याचं आहे.”

“लावू दे. सिमेंट म्हणून हाक मारली तरी ते पाणी काही ओ देणार नाही.”

“मी तिला मान द्यायला—”

“तू एक हिवाळा आमच्या घरात जेवलास. माणूस गेलं की आम्ही काय करतो, बघितलंस. त्या हिवाळ्यात शेजारचा म्हातारा शिकारी गेला, त्याचं नाव पाच महिने कोणी घेतलं नव्हतं, तू मला विचारलंस, मी तुला सांगितलं. विसरलास?”

“नाही विसरलो.” थोरुपने एक पेला उचलून परत त्याच जागी ठेवला. “ती गेली, हे मला इथे आल्यावर कळलं. परवा. तोवर शाई वाळली होती. मी हे तिला दाखवायला आणलं होतं, दादा. तिनं बघावं म्हणून.”

आवाताकला हे ऐकायचे नव्हते. गेले चार महिने सगळे त्याला असेच काहीतरी सांगत होते. कोणाला ती बूट देणार होती, कोणाला तिने सुई दिली होती. प्रत्येकाकडे तिचा एकेक तुकडा होता, आणि प्रत्येक जण तो घेऊन त्याच्या दाराशी येत होता.

“बाळ यायचंय,” तो म्हणाला. “आर्नालुकला. आठ दिवसांत. तोवर थांब, नाहीतर खरवड.”

“सोमवारी निघावंच लागेल. बर्फ खाली सरकतंय. आणि उद्या नाव वाचलं नाही, सह्या झाल्या नाहीत, तर ते नाव नकाशात धरत नाहीत.”

“मग खरवड. माझ्यासमोर.”

थोरुपने त्याच्याकडे बघितले. मग त्याने खणातून ब्लेड काढले.

आवाताकने तोंड फिरवले. नाव डोळ्यांनीसुद्धा घ्यायचे नव्हते त्याला. समोरच्या भिंतीवर बुटांची एक जोडी टांगलेली होती. डाव्याचा पुढचा भाग आखूड, अर्ध्या पायाच्या मापाचा. टाके त्याने लांबूनच ओळखले. एवढे बारीक टाके घालणारी दुसरी कोणी नव्हती. तळ वाळून वर वळले होते. वर्षानुवर्षे कोणी चावले नव्हते.

मागून आवाज येऊ लागला. कातडे खरवडताना येतो तोच, फक्त लहान. थोरुप अडखळत खरवडत होता, मध्येच जोर देत, मध्येच सोडत.

“फाडशील,” आवाताक न वळता म्हणाला. “तिरकं धर.”

आवाज तसाच येत राहिला. कातड्याचे कोणी वाटोळे करत असले की आवाताकला बघवत नसे. तो वळला, ब्लेड घ्यायला हात पुढे केला, आणि त्याची नजर खाली गेली.

अक्षरे पावलुसने शिकवली होती, भजनाच्या पुस्तकावरून. त्याला वाचायला वेळ लागायचा. पहिले अक्षर बहुतेक गेले होते. तो दुसऱ्यापासून वाचू लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटपर्यंत गेला आणि परत पहिल्यावर आला, जिथे आता नुसता पांढरा चट्टा आणि अक्षराचा एक पाय उरला होता.

ते त्याच्या बायकोचे नाव नव्हते.

ते नाव त्याने तीस वर्षांत ऐकले नव्हते. लिहिलेले तर कधीच बघितले नव्हते. ज्या पोरीचे ते होते तिच्या वेळी वस्तीत कोणाला लिहिता येत नव्हते.

“थांब,” तो म्हणाला.

थोरुपने ब्लेड उचलले.

“तू तिला काय विचारलंस? जसं झालं तसं सांग. मध्ये तुझं काही घालू नको.”

“नाव विचारलं. सगळे तिला मावशी म्हणायचे, नाहीतर वहिनी. म्हातारा शिकारी होता तोवर तिला आई म्हणायचा, त्याच्या आईचं नाव तिला होतं म्हणून. पूर्ण हिवाळा गेला आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्या पाण्याशी पोचलो तर तुझं नाव लावीन. सांग.”

“मग?”

“ती माझा बूट चावत होती. तिनं तो तोंडातून काढला. तू बाहेर होतास, कुत्र्यांपाशी; दाराकडे बघितलं तिनं. मग सांगितलं. मला नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून दोनदा सांगितलं, हळू.” थोरुप नकाशाकडे बघत होता. “आणि म्हणाली, घरात म्हणू नको. तिथे जाशील तेव्हा म्हण. मला वाटलं लाजतेय. तुमच्यात स्वतःचं नाव कोणी घेत नाही ना.”

“आणि तू म्हटलंस? तिथे?”

“म्हटलं. काठावर उभं राहून.”

“किती वेळा?”

“तीनदा. वारा होता.”

आवाताकने खाली बघितले. बुटातले पाणी केबिनच्या फरशीवर पसरले होते.

“काठावर दगडांचा ढीग होता?” त्याने विचारले. “लहान. समोर दोन काळे सुळके.”

“होता.” थोरुप म्हणाला. “आधी कोणी तिथे येऊन चिठ्ठी ठेवून गेलं असेल, असं वाटलं आम्हाला. म्हणून उघडून बघितला. आत हाडं होती, लहान. कोल्ह्याची असतील म्हणाले सगळे. आम्ही परत बंद केला. जसा होता तसा.”

“जसा होता तसा.”

“हो.”

“कसा होता, तुला काय माहीत?”

थोरुप ब्लेड बोटांत फिरवू लागला.

“डोक्याकडे चपटा दगड होता. तो माझ्या बायकोनं पाठीवर आणला होता, उपाशी पोटी. तो कुठे ठेवलास? पायाकडे? बाजूला?” आवाताकचा आवाज चढला नव्हता, पण वरच्या डेकवर चालणारी पावले थांबली. “तुम्ही येता आणि उघडता. जे दिसेल ते. उघडून झालं की म्हणता, जसं होतं तसं.”

“दादा, मला माहीत नव्हतं. तुझ्या बायकोचं—”

“माझ्या बायकोचं नाव तुला माहीत नाही.”

थोरुपने त्याच्याकडे बघितले, मग नकाशाकडे. हातातले ब्लेड त्याने टेबलावर ठेवले, फार जपून.

जहाजाच्या अंगाला बर्फाचा एक तुकडा घासत गेला.

“ते पहिलं अक्षर परत लिही,” आवाताक म्हणाला.

“आणि उद्या?”

“उद्या म्हण. मोठ्यानं म्हण. तिथे शेवटी एक म्हातारी बसेल, तिच्यापर्यंत गेलं पाहिजे.”

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. “ते बूट,” त्याने भिंतीकडे हनुवटी केली. “बघण्यासाठी नसतात ते.”

दुसऱ्या दिवशी झेंडा लावला. वारा नव्हता, तो काठीला चिकटून राहिला. थोरुप भाषण करणार होता. पावलुसने तसे सगळ्यांना सांगून ठेवले होते. पण त्याने कागद उघडला, बघितला, आणि घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, “आविआकचा समुद्र.” एवढेच, आणि कोणाचे नाव ते सांगितले नाही.

पावलुसने टाळ्या वाजवल्या. त्याच्या शाळेतल्या पोरांनी वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. आर्नालुक नवऱ्याला हळूच विचारत होती, हे कोणाचं नाव, मावशीचं नाही हे. ज्यांना आठवत होते ते आवाताककडे बघत होते, आणि आवाताक एकेकाकडे वळून बघत होता, ज्याने त्याने मान खाली घालेपर्यंत. शेवटी, कॉफीच्या पातेल्यापाशी, आर्नालुकची आई दगडावर बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड धरले होते.

त्याला वाटले होते, हे बघून बरे वाटेल. वाटले नाही. तो कॉफी न पिता घरी गेला आणि दिवसभर एक बूट चावत बसला.

बाळ मंगळवारी झाले, जहाज गेल्यावर. आर्नालुकचा नवरा इमीना धावत आला आणि दारातूनच ओरडला.

“काका, तुमची बायको आली. आल्या आल्या माझ्या अंगावर मुतली.”

मुलगा झाला होता. त्याने काही बिघडत नव्हते. नावाला बाईपुरुष नसतो. आर्नालुकच्या आईनेच बोट पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावले होते आणि नाव घेतले होते. तुकुमेक. चार महिन्यांनी पहिल्यांदा. म्हणेपर्यंत तिचा आवाज दोनदा फाटला, असे इमीना म्हणाला.

आवाताकने या वेळी दाराशी बूट काढले. आत जाऊन बसला. आर्नालुकने गठुळे त्याच्या मांडीवर ठेवले. बाळाचे तोंड लाल आणि चिडलेले होते, डोळे मिटलेले.

त्याने गठुळे नीट धरले. मग वाकला.

“अगं,” तो म्हणाला.

आर्नालुकच्या आईने चुलीकडे तोंड केले.

“तीस वर्षं,” आवाताक म्हणाला. “एका घरात. रोज समोर. आणि त्या अर्धपायाला सांगितलंस. मला नाही.”

“काका,” आर्नालुक बाकावरून म्हणाली, “आल्या आल्या भांडू नका तिच्याशी.”

“मी भांडणार. तिला ऐकू दे.” त्याने बाळाच्या गालावरचा कातड्याचा पदर बाजूला सारला. “एकदा विचारायचंस. मी ओरडलो असतो. मी ओरडतोच. पण विचारायचंस ना.”

बाळाने मान वळवली. आवाताकचे बोट तिच्या तोंडापाशी होते, ते तिने धरले आणि हिरड्यांनी चावायला लागली. मन लावून, कडेकडेने, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

“भूक लागलीय तिला,” आर्नालुक म्हणाली. “द्या इकडे.”

“देतो,” तो म्हणाला, पण बोट त्याने लगेच सोडवून घेतले नाही. दाराशी त्याचे बूट ओणवे पडले होते, वाळत, कडक होत.